बाई, पोटात दुखतंय

पहिलीचा वर्ग हातात आला की पहिल्या महिन्यातच एक गोष्ट ध्यानात येते. सहा वर्षांच्या मुलाकडे तक्रारी शंभर असतात, पण त्या सांगायला वाक्य एकच असतं : "बाई, पोटात दुखतंय." भूक लागली की पोटात दुखतं. लघवीला लागली की पोटात दुखतं. पाढा आला नाही, बाकावरच्या मुलाने पेन्सिल हिसकावली, आई भावाला घेऊन माहेरी गेली, रात्री बाबांनी ताट भिरकावलं, सगळ्याला उत्तर तेच. सुरुवातीला मीही इतर शिक्षकांसारखीच "पाणी पी आणि बस जागेवर" असं म्हणून मोकळी होत असे. पुढे वर्षानुवर्षं छोट्यांमध्ये वावरल्यावर मला वाटू लागलं, की प्राथमिक शाळेत मुलाला स्वतःविषयी, इतरांविषयी आणि आरोग्याविषयी जे शिकवायचं, ते या एका वाक्याच्या मागे जाऊनच शिकवावं लागतं. या वाक्यामागे नेमकं काय आहे, हे सांगण्याइतके शब्द मुलाकडे यायला हवेत. आणि शब्द आले, की ते ऐकून घेणारी शाळाही हवी.

इंग्लंडमध्ये या साऱ्याला मिळून एक विषय मानतात. वैयक्तिक, सामाजिक आणि आरोग्य शिक्षण असं त्याचं नाव. तिथे सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत आरोग्य शिक्षणही. मैत्री म्हणजे काय, घरं किती तऱ्हेची असतात, आपलं शरीर आपलं कसं, झोप किती हवी, हे सारं त्यात येतं. आपल्याकडे असा एकच तास नाही. थोडं परिसर अभ्यासात, थोडं 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात, थोडं परिपाठात आणि उरलेलं बाईंच्या स्वभावावर, अशी त्याची वाटणी आहे. वेगळं पुस्तक काढावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पुस्तक निघालं की त्याची प्रश्नोत्तरं निघतात, आणि 'भीती वाटल्यास काय करावे?' हा दोन गुणांचा प्रश्न होऊन बसतो.

तर, पोट. १९५८ साली ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी सहकाऱ्यासोबत एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळ सोडून बसावं लागेल इतकं पोट दुखणारी मुलं त्यांना साधारण दहात एक आढळली. अशा मुलांना नीट तपासलं तर बहुतेकांच्या पोटात कुठलाच आजार सापडत नाही, हेही अ‍ॅपलींनीच दाखवलं. त्यांनी डॉक्टरांसाठी एक खूणगाठ ठेवली आहे : दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी खऱ्या आजाराची शक्यता जास्त. पहिलीतली मुलं दुखण्याची जागा विचारली की पसरलेला तळवा बेंबीवरच ठेवतात.

पण आजार सापडला नाही म्हणजे मूल सोंग करतं असं नव्हे. ते खरंच दुखतं. आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं दाट जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम मंदावतं, आतडी आवळतात. मराठीला हे केव्हाचं ठाऊक आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात धस्स होतं, दुसऱ्याचं दुःख पाहून पोटात कालवतं आणि सांगायचं नसतं ते आपण पोटात ठेवतो. मूल "पोटात दुखतंय" म्हणतं तेव्हा कित्येकदा ते अगदी बरोबर जागा दाखवत असतं.

अर्थात आधी पोटाचंच पाहायचं. जंत आहेत का? अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो, मातीने माखलेल्या हातांतून गोलकृमीची अंडी तोंडात जातात. २०१५ मध्ये सुरू झालेला जंतनाशक दिन आता देशभर पाळला जातो आणि शाळेत ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. गोळी द्यावी आणि त्याच दिवशी चपलांचा नि नखांचा धडा घ्यावा; गोळीची चव जिभेवर असताना तो डोक्यात बसतो. सकाळपासून काही खाल्लंय का? शेतावर किंवा कारखान्यावर पहाटे निघणाऱ्या आईबापांची मुलं चहा-बटर किंवा नुसता चहा पिऊन आलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न मिळणं हा मुलांचा हक्क झाला. प्राथमिकच्या मुलाला त्यातून दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. ती खिचडी येईपर्यंतचे दोन-तीन तास काही मुलांना फार लांब जातात. अशा मुलाला पहिल्या तासाला गणित का जमत नाही, याचं उत्तर गणितात नसतं.

मग येतो तो भाग, ज्याविषयी आपण फार कमी बोलतो. वर्गात करंगळी वर होते आणि बाई म्हणतात, "आत्ता नाही, सुट्टीत." मीही म्हटलंय. चाळीस मुलं, एकाला सोडलं की दहा उठतात, आणि तास हातचा जातो. पण त्या "आत्ता नाही" चे परिणाम शरीरावर होतात. लघवी तासन् तास धरून ठेवली की मूत्रमार्गात जंतूंना वाढायला अवसर मिळतो. शौच दाबून धरलं की मळ कोरडा, कडक होतो, बाहेर पडताना दुखतो, आणि दुखतो म्हणून मूल तो आणखी धरून ठेवतं. साठलेला मळ मूत्राशयावर दाब देतो, मग चड्डीत लघवी होते, मग वर्ग हसतो. पोटदुखीचं हे चक्र कितीतरी मुलांच्या वाट्याला येतं.

शिवाय मूल नुसतं परवानगीसाठी थांबत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ती बांधलेलीही आहेत. पण आत पाणी आहे का, कडी सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला पुरते का, दिवा आहे का, चावी कुणाच्या टेबलावर आहे? मी एका शाळेत दुसरीच्या मुलींना कागदावर शाळेचा नकाशा काढायला लावला होता. जिथे जायला आवडतं तिथे फूल, जिथे भीती वाटते तिथे काळा ठिपका. जवळजवळ सगळ्या ठिपक्यांची जागा एकच होती, शाळेमागचं स्वच्छतागृह. कारण विचारलं तर दार आतून लागत नव्हतं आणि सहावीतली मुलं बाहेरून ढकलून पळत होती. दोन दिवसांत सुताराने खालच्या उंचीवर कडी बसवली. स्वच्छतेवरच्या कितीतरी घोषवाक्यांपेक्षा त्या कडीने मुलींना जास्त शिकवलं असेल : आपण सांगितलं, मोठ्यांनी ऐकलं, आणि गोष्ट बदलली.

करंगळीचा प्रश्न इथेच संपत नाही, कारण पुढे आपण त्याच मुलाला सांगणार असतो, की तुझं शरीर तुझं आहे. रोज चार वेळा ज्याला शरीराची साधी हाक दाबून ठेवायला लावली, त्याने त्या वाक्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून मी पुढे एक पाटी करून घेतली, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी. जाताना मूल ती लाल करतं, आल्यावर हिरवी. विचारायची गरज नाही. पहिला आठवडा गोंधळाचा गेला, नंतर नवलाई संपली.

आरोग्य शिकवताना मुलाला लाज आणायची नाही, हे या महाराष्ट्रातच दोन स्त्रियांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली, आणि 'अंगणवाडी' हा शब्दही त्याच अंगणातला. वस्तीत जाऊन आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आज अनेक परिपाठांत नखं तपासली जातात ती छडीने हात वर करून, आणि ज्याच्या घरी नळ नाही त्याला रांगेबाहेर उभं केलं जातं. त्या मुलाला त्या दिवशी स्वच्छता शिकायला मिळत नाही, आपण घाण आहोत एवढंच शिकायला मिळतं. नेलकटर शाळेत ठेवायला आणि शुक्रवारी खिचडीनंतर मुलांनी एकमेकांची नखं कापायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्याचा हात हातात धरून, त्याला दुखणार नाही अशा बेताने नख कापणं, यात आरोग्याबरोबर बरंच काही शिकून होतं.

पंगतीचंही तसंच. कोण कुणाशेजारी मांडी घालतं, कोण ताट उचलून दूर सरकतं, हे पाहायला मूल्यशिक्षणाचा तास लागत नाही. बाई स्वतः पंगतीत बसल्या, आणि रोज वेगळ्या मुलाशेजारी बसल्या, की बरंच काही न बोलता सरळ होतं.

पोट भरलेलं आहे, जंत नाहीत, लघवी झाली आहे आणि तरीही पोट दुखतंय. आता खरा भाषेचा तास सुरू होतो.

मोठ्या माणसांना मुलांच्या भावना तीनच दिसतात : आनंद, दुःख, राग. पाश्चात्त्य पद्धतीचे तीन गोल चेहरे भिंतीवर चिकटवले की आपलं काम झालं असं वाटतं. पण मराठीत मुलांच्या मनासाठी काय शब्द आहेत ते पाहा. मूल रुसतं, फुगतं, हिरमुसतं, खट्टू होतं, बुजतं, भेदरतं, बावरतं, गोरंमोरं होतं, ओशाळतं, रडकुंडीला येतं. प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. रुसण्यात 'कुणीतरी मला समजवायला या' ही हाक आहे, म्हणून रुसायला आपलं माणूस लागतं. हिरमुसण्यात आशा आधी असते आणि ती कुणीतरी मोडलेली असते. बुजणं हे नव्या माणसाचं, भेदरणं हे ओळखीच्या भीतीचं. हे शब्द आजी-आजोबांच्या तोंडी सहज होते; मुलांच्या तोंडून ते आता कमी ऐकू येतात, कारण कुणी त्यांच्याशी त्या शब्दांत बोलतच नाही.

मी आठवड्याला एक शब्द घेत असे. मुलं गोल करून बसत. एक गुळगुळीत खडा हातोहात फिरे. ज्याच्या हातात खडा तो बोलणार, बाकीचे ऐकणार, आणि बोलायचं नसेल तर खडा पुढे देण्याची मुभा. "तू कधी हिरमुसलास?" एकाने सांगितलं, बाबा जत्रेला नेतो म्हणाले आणि झोपून राहिले. एक मुलगी सलग तीन आठवडे खडा नुसता पुढे देत राहिली. चौथ्या आठवड्यात तिने दोन वाक्यं सांगितली, तीही तिच्या घरच्या गोरमाटीत. तांड्यावरून आलेलं, पाड्यावरून आलेलं, अहिराणी बोलणारं मूल मनातलं सांगताना प्रमाण मराठी शोधू लागलं तर मनातलं मागे राहतं. त्या तासाला शुद्धलेखन नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलीने तिचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं, आणि त्या दुभाषीपणाचा तिला कोण अभिमान वाटला.

जोडीत बोलणं, गटात ठरवणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं हे काही एखाद्या बाईचं खूळ नाही. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांपासून सुरू झालेला मूल्यवर्धन हा कार्यक्रम याच वाटेने जातो. त्यात भाषणं नाहीत, कृती आहेत. अडचण येते ती पुढे, मुलं त्या कृतींत शिकलेलं खरंच वापरू लागतात तेव्हा. "बाई, तुम्ही काल सोहमला न ऐकताच शिक्षा केली," असं चौथीतली मुलगी भर वर्गात म्हणते, आणि बाईंची परीक्षा सुरू होते.

कारण आपण ज्याला गुणी बाळ म्हणतो ते ऐकणारं मूल. 'मोठ्यांचं ऐकावं' हा आपल्या घराचा नि शाळेचा पाया. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. नंतर आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. त्याच कायद्याचं २९ वं कलम अभ्यासक्रमाविषयी बोलताना म्हणतं, की मूल भयमुक्त असावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणी मांडता यावं. म्हणजे हा विषय ऐच्छिक नाहीच, तो कायद्यात लिहिलेला आहे.

त्याच २००७ च्या अभ्यासात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं, आणि निम्म्या वेळी त्रास देणारा ओळखीचा, भरवशाचा माणूस होता. हे आकडे मी पालकसभेत सांगते तेव्हा आधी शांतता पसरते, मग कुणीतरी विचारतं, "इतक्या लहान मुलांना हे सांगायचं कशाला? उगाच नको ते कळेल." या विचारण्यामागची काळजी खरी असते. मोठ्या मुलांसाठीच्या किशोरावस्था शिक्षणालाही २००७ मध्ये आपल्या राज्याने अशाच शंकांपोटी नकार दिला होता. मी पालकांना सांगते, की आम्ही पहिलीत बाळ कसं होतं ते शिकवत नाही. आम्ही तीन गोष्टी शिकवतो. तुम्हीही त्या घरी शिकवा.

एक, अवयवांची नावं. डोळे, नाक, कान, गुडघा, आणि त्याच यादीत, त्याच आवाजात, शिश्न, योनी, गुद. इथे मराठी माणूस अडखळतो. आपल्याकडे या अवयवांना एक तर पुस्तकी संस्कृत शब्द आहेत किंवा शिव्या, आणि मधे घरोघरची लाडिक नावं. घरात 'फुलपाखरू' म्हणायची सवय असलेली मुलगी बाईंना येऊन "काकांनी माझ्या फुलपाखराला हात लावला" असं सांगते, आणि बाई चित्रकलेची वही पाहत "हो का, छान" म्हणतात. हे होऊ शकतं. निदान 'शूची जागा' इतकं तरी सगळ्यांना कळणारं नाव हवं.

दोन, 'नको' म्हणण्याचा सराव. आम्ही जोड्या करून खेळतो : एकाने गुदगुल्या करायच्या, दुसऱ्याने "थांब" म्हटलं की त्याच क्षणी हात मागे. निम्मी मुलं "थांब" इतकं हळू म्हणतात की ते हसण्यात विरून जातं. मोठ्याने म्हणायला दोन-तीन तास जातात. आणि दुसऱ्याने म्हटलेलं ऐकायलाही तितकेच जातात. मुलग्यांना वर्गाबाहेर काढून मुलींनाच हा धडा देणाऱ्या शाळा हा अर्धा भाग गमावतात. घरी आलेल्या पाहुण्याला पापा द्यायला मूल नाही म्हणालं तर त्याला 'असं करू नये' म्हणून पुढे ढकलू नका, नमस्कार पुरे, एवढीच माझी पालकांना विनंती असते.

तीन, गंमत आणि गुपित यांतला फरक. आईच्या वाढदिवसाची भेट ही गंमत. ती चार दिवसांनी सगळ्यांना कळणार असते आणि सगळे हसणार असतात. 'कुणालाही कधीच सांगायचं नाही' म्हणून कुणी मोठा माणूस सांगतो ते गुपित. ते पोटात ठेवायचं नाही. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' ही जोडी सोपी म्हणून सगळीकडे गेली, पण ती पुरत नाही. फसवणारा माणूस बहुतेकदा गोड बोलतो, चॉकलेट देतो, त्याचा स्पर्श सुरुवातीला वाईट वाटतही नाही. 'वाईट वाटलं तर सांग' असं शिकलेलं मूल मग गोंधळतं आणि स्वतःलाच दोष देतं. उलट इंजेक्शन दुखतं, तरी ते आईसमोर डॉक्टरांनी दिलेलं असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नसतं. म्हणून नियम भावनेवर न ठेवता लपवाछपवीवर ठेवावा. मुलांच्या मदतीसाठी काम करणाऱ्या चाइल्डलाइनचा 'कोमल' हा छोटा चित्रपट मुलांना दाखवण्याजोगा आहे. त्यातले काका शेजारचे, वडिलांचे मित्र, आणि सगळ्यांना आवडणारेच आहेत.

आता समजा, मुलाने सांगितलं. शाळांत तक्रारपेट्या टांगलेल्या आहेत, २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायच्या आहेत. पण पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नाही आणि पेटीपर्यंत हातही पुरत नाही. त्याची पेटी म्हणजे बाई. ते सांगणार तेही आडवळणाने, खिचडी वाढून घेताना, किंवा बुटाचा बंद बांधून घेताना. तेव्हा वाटी बाजूला ठेवून ऐकायचं. "खरंच का? कधी? मग तू ओरडली का नाहीस?" हे प्रश्न विचारायचे नाहीत, शब्द सुचवायचे नाहीत, मुख्याध्यापकांसमोर नेऊन पुन्हा बोलायला लावायचं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," इतकं म्हणायचं. मुलाने जे शब्द वापरले तेच, तारीख घालून, लगेच वहीत उतरवायचे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. शाळेची अब्रू, संस्थाचालकांची मर्जी, 'आपसात मिटवू', या कशालाही तिथे जागा नाही. न कळवणं हाच गुन्हा आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली चाइल्डलाइनची १०९८ ही मदतवाहिनी आज देशभर आहे. दहा-नऊ-आठ. हा आकडा मुलं उलट्या मोजणीसारखा पाठ करतात.

आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येतं. रांगेत उभं राहून ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतं, कालच्यापेक्षा आज काही वेगळं आहे का, सगळ्यांना कळलंय का, बाई आता आपल्याला हात धरून ओळीत नेतील का. त्याला त्याच्या नेहमीच्या जागेवर, नेहमीच्या सवंगड्याशेजारी बसू द्यायचं. खडा फिरला तर तो पुढे देण्याची मुभा त्यालाही आहे. हजेरी घेताना त्याचं नाव येईल, तेव्हा ते रोजच्याच आवाजात घ्यायचं.